आमच्याकडे असे खेळतात

दिवाळीच्या सुट्टीत तीन गावांहून तीन भावंडांची मुले एका घरात जमली, की पहिले भांडण फटाक्यांवरून होत नाही. ते पत्त्यांवरून होते. पत्ते पिसून होतात, वाटून होतात, आणि पहिले पान पडायच्या आत कोणीतरी म्हणतो, "आमच्याकडे असं खेळत नाहीत!" एका घरचा मेंढीकोट बंद हुकमाचा असतो, तर दुसऱ्या घरी हुकूम कापून ठरतो. पत्ते मिटून कॅरम काढावा, तर राणीवर लगेच सोंगटी घ्यायची की डाव संपेपर्यंत केव्हाही, यावर वाद. अंगणात चेंडूफळी मांडावी, तर एक टप्पा पडलेला चेंडू एका हाताने झेलला तर बाद धरायचे की नाही, यावर पुन्हा रुसवे. शेवटी एखादी आत्या स्वयंपाकघरातून ओरडते, "ज्याच्या घरी खेळताय, त्याच्या घरचे नियम!" आणि खेळ सुरू होतो.

हे घरचे नियम कोणी छापलेले नसतात. ते कोणी केले हे बहुधा कोणालाच आठवत नाही. तरी त्यांच्यापुढे छापील पुस्तकाचे काही चालत नाही. मी तालुक्याच्या कोर्टात पस्तीस वर्षे वकिली केली. छापील कायद्याचा कीस काढण्यात आयुष्य गेले. पण नियम करण्याचा अधिकार कोणाचा, तो केव्हा बदलावा, आणि मुख्य म्हणजे दयेपोटी तो मोडावा की नाही, हा प्रश्न मला इतक्या उघड्यानागड्या रूपात कोर्टात कधी भेटला नाही. तो भेटला तो एका खेळात.

गेली काही वर्षे उन्हाळ्याचे चार महिने मी अमेरिकेत मुलीकडे असतो. ती विस्कॉन्सिन राज्यात, मिलवॉकी शहराजवळ राहते. तिच्या घराच्या तळघरात दर शुक्रवारी संध्याकाळी माझा सोळा वर्षांचा नातू आणि त्याचे सवंगडी एक खेळ मांडतात. त्याचे नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. पट असला तर असतो, नसला तरी अडत नाही. कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. प्रत्येकाने एकेक पात्र घ्यायचे: कोणी तलवारबहाद्दर, कोणी जादूगार, कोणी कुलपे उघडणारा भामटा. त्या पात्राचे बळ, चपळाई, शहाणपण सारे आकड्यांनी एका कागदावर मांडलेले असते. एकजण मात्र पात्र घेत नाही. तो सगळे जग सांभाळतो. त्याला ही मुले 'डंजन मास्टर' म्हणतात. मी आपला सूत्रधार म्हणतो. सूत्रधार सांगतो, "तुम्ही गुहेच्या तोंडाशी आला आहात, आतून पाण्याचा आवाज येतो आहे. काय करता?" मग खेळणारे सांगतात, आम्ही असे करतो. ते साधले की फसले हे सांगता येण्याजोगे नसले, की वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकडा वर आला तर साधले, खाली आला तर फसले. आपल्याकडच्या कीर्तनकाराला श्रोत्यांनी मध्येच अडवून "आता अर्जुनाच्या जागी मी असे करतो" म्हणावे, आणि बुवांनी तेथून पुढे आख्यान वळवावे, तशातला हा प्रकार.

लहान मुले चोर-शिपाई खेळतात तेव्हा "मी तुला मारलं", "नाही, मला लागलंच नाही" अशी भांडणे होतात, कारण तेथे फासा नसतो. येथे फासा आहे, म्हणून कल्पनेच्या खेळालाही न्याय आहे. हे मला प्रथम उमगले तेव्हा मी खुर्ची ओढून भिंतीशी बसू लागलो. मुलांनीही आक्षेप घेतला नाही. म्हातारा माणूस वर्तमानपत्र घेऊन बसला, की तो खोलीतल्या सामानात जमा होतो.

हा खेळ जन्मला तो माझ्या मुलीच्या घरापासून मोटारीने तासाभराच्या अंतरावर, लेक जिनीव्हा नावाच्या गावात. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो प्रसिद्ध केला. गायगॅक्स हा पूर्वी विम्याच्या कचेरीत काम करणारा आणि ती नोकरी गेल्यावर जोडे दुरुस्त करणारा गृहस्थ. आर्नेसन हा शेजारच्या मिनेसोटा राज्यातला. एका पेटीत तीन लहान पुस्तिका, किंमत दहा डॉलर, पहिल्या खेपेच्या प्रती एक हजार. त्यांतल्या तिसऱ्या पुस्तिकेच्या अखेरीस कर्त्यांनी वाचकाला जे सांगितले आहे त्याने माझ्यातला वकील चकित झाला. भावार्थ असा, की अडेल तेथे आम्हांला विचारू नका, तुम्हांला कसे हवे ते ठरवा आणि तसेच करा. तुमच्या वाटची कल्पना आम्ही का करावी? पोटकलमांनी भरलेला कायदा लिहायचा आणि शेवटच्या कलमात "हे सारे घरोघरी बदलून घ्यावे" असे म्हणायचे! असा कायदेकर्ता मी तरी दुसरा पाहिला नाही.

पण या मोकळीकीला तिची कुळकथा आहे. १८२४ साली प्रशियातल्या राइसविट्झ नावाच्या तरुण लष्करी अधिकाऱ्याने युद्धाचा एक खेळ छापला. नकाशा, ठोकळे, फासे आणि कोष्टके. इतक्या अंतरावरून इतक्या तोफा चालल्या तर किती माणसे पडतील, हे कोष्टक सांगे. पंच ते वाचून दाखवी. खेळ उपयोगाचा होता, पण कोष्टके चाळता चाळता लढाईचा जीव जाई. १८७६ साली व्हेर्दी द्यु व्हेर्न्वा या जर्मन सेनानीने त्यावर उपाय सुचवला: फासे आणि कोष्टके बाजूला ठेवा, अनुभवी पंच जे म्हणेल ते खरे. म्हणजे एका टोकाला नियम, दुसऱ्या टोकाला माणूस. पुढे १९६९ च्या सुमारास मिनेसोटातल्या डेव्हिड वेस्ली याने एका काल्पनिक जर्मन गावाची लढाई मांडली आणि खेळणाऱ्यांना गावातल्या निरनिराळ्या माणसांच्या भूमिका दिल्या. ते लढाई सोडून गावभर हिंडू लागले. दोघांनी द्वंद्वयुद्धाची तयारी केली. त्याला नियमच नव्हता! वेस्लीने जागच्या जागी निर्णय दिला. खेळ पार विस्कटला असे त्याला वाटले. खेळणाऱ्यांनी मात्र पुन्हा मांड म्हणून त्याच्यामागे टुमणे लावले. त्या मंडळींत आर्नेसन होता.

नियमाला सगळे आधी दिसत नाही, म्हणून पंच हवा. पंचाला मनाचे लोभ असतात, म्हणून नियम हवा. हे दोन्ही मान्य केले, की घरच्या नियमाची जागा नेमकी कळते. पंचाने काल जो निर्णय जागच्या जागी दिला, तो आज सर्वांनी मिळून पक्का केला, म्हणजे तो घरचा नियम.

नातवाच्या मेजावरही असे नियम आहेत. ते एका पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला लावलेले असतात. फासा मेजाखाली पडला तर तो धरायचा नाही, पुन्हा टाकायचा. "मी असे करतो" असे तोंडातून गेले, की ते केले. मागे घेणे नाही. फोन टोपलीत. कोणी गैरहजर असेल तर त्याच्या पात्राला त्या दिवशी ताप आलेला असतो. त्याला कोणी मारायचे नाही की त्याची थैली उघडायची नाही. नियम बदलायचा असेल तर खेळ सुरू होण्यापूर्वी बोलायचे. फासा हातात असताना नाही. हा शेवटचा नियम कोणी सुचवला म्हणून मी विचारले, तेव्हा नातू म्हणाला, "एकदा फार भांडण झालं आजोबा, त्यानंतर सगळ्यांनीच."

झां प्याजे या स्विस मानसशास्त्रज्ञाचे १९३२ सालचे एक पुस्तक आहे, मुलांच्या नैतिक विचाराविषयी. त्याने नशातेल आणि जिनीव्हा या गावांतल्या मुलांना गोट्या खेळताना पाहिले आणि विचारले, हे नियम कोणी केले, ते बदलता येतील का? लहान मुले म्हणत, नियम पूर्वीपासून आहेत, मोठ्यांनी केले आहेत, बदलले तर तो खेळ खोटा. गंमत ही, की हीच लहान मुले प्रत्यक्ष खेळताना नियम वाटेल तसे वाकवीत. दहा-अकराच्या पुढची मुले म्हणत, सगळ्यांनी मानले तर बदलता येईल. आणि हीच मोठी मुले नियम काटेकोर पाळीत. नियम आपला आहे असे कळल्यावर माणूस तो अधिक पाळू लागतो. मोठेपणी आपल्यापैकी कितीजण या अकराव्या वर्षापर्यंत पोहोचलेले असतात, हा वेगळा प्रश्न.

आता ज्या शुक्रवारमुळे हे सारे लिहावेसे वाटले, त्याविषयी.

त्या मेजावर सर्वांत लहान खेळणारी एका सवंगड्याची बहीण, अकरा वर्षांची. तिचे पात्र म्हणजे एक ठेंगणी लोहारीण, हातात घण, पाठीवर ढाल. तिने त्या लोहारणीला दीड वर्ष वाढवलेले. तिचे चित्र काढलेले, तिच्या आईबापांची हकीकत वहीत लिहिलेली. त्या संध्याकाळी एका पुलावर एका राक्षसाशी गाठ पडली आणि लोहारीण बेशुद्ध होऊन पडली. १९७४ च्या मूळ खेळात जिवाचे आकडे संपले की पात्र संपे. २०१४ च्या आवृत्तीपासून थोडी सवलत आहे: पडलेल्या पात्रासाठी दर फेरीला फासा टाकायचा; दहा किंवा वर आला तर एक बरी खूण, खाली आला तर एक वाईट; तीन वाईट खुणा झाल्या की मरण. तिच्या दोन वाईट खुणा झालेल्या होत्या. आणि राक्षस अजून उभाच होता. त्याचा घाव बसला तर सारे संपत होते.

राक्षसाचा फासा सूत्रधार टाकतो. सूत्रधारापुढे पुठ्ठ्याचा एक घडीचा पडदा असतो, त्याच्याआड नकाशे आणि टिपणे असतात, आणि फासाही त्याच्याआड पडतो. नातवाने फासा टाकला. त्याने तो जरा जास्तच वेळ पाहिला. मग म्हणाला, "चुकला. घण पुलाच्या कठड्यावर आदळला." सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. त्या मुलीने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले. मी भिंतीशी, नातवाच्या पाठीमागे बसलो होतो. फाशावर अठरा होते.

रात्री मुले गेल्यावर तो वर आला आणि माझ्या खोलीच्या दाराशी उभा राहिला. "तुम्ही पाहिलंत ना?" मी हो म्हणालो. "मग? मी खोटं बोललो, की दया केली?"

माझी मुलगी दाराबाहेरून हे ऐकत होती. ती म्हणाली, "यात एवढं काय आहे, बाबा? खेळच तो. मुलांना गोष्ट हवी असते, न्याय नको असतो. त्या पोरीला रडवून काय मिळालं असतं?" तिचे म्हणणे हलके नाही. या खेळाचे अनुभवी लोकही तेच म्हणतात. २०१४ साली सूत्रधारांसाठी जो ग्रंथ निघाला त्यात पडद्याआडच्या फाशाविषयी मोकळेपणाने लिहिले आहे, की हवे तर आकडा बदलून सांगता येतो. मात्र हे फार वेळा करू नये आणि करतो हे कळू देऊ नये.

या सल्ल्यातले शेवटचे चार शब्द मला अडले. कळू का देऊ नये? जी दया कळताच नासते, ती दया कशी? अन्नाचा घास भुकेल्याला दिला, तो घास दिला हे त्याला कळले म्हणून त्याची भूक परत येत नाही. पण या देणगीचे तसे नाही. लोहारीण वाचली, हा आनंद "फासा चुकला" या समजुतीवर उभा आहे. समजूत काढून घ्या, आनंद गेला. आणि नुसता तोच आनंद जातो असेही नाही.

येथे मला माझ्या वडिलांची आठवण येते. अण्णा मला बुद्धिबळ शिकवीत. शिकवता शिकवता मी जिंकूही लागलो. बाराव्या वर्षी एका पावसाळी दुपारी मी घोड्याने त्यांच्या राजाला कोंडून मात केली, तो डाव मला कित्येक वर्षे पाठ होता. पुढे अण्णा गेल्यावर एका लग्नघरी आत्या सहज हसत म्हणाली, "अण्णा तुला मुद्दाम जिंकू द्यायचे रे! तू हरलास की जेवायचा नाहीस." तिला मला दुखवायचे नव्हते. अण्णांनी तर मायेनेच केलेले. पण त्या दिवसापासून तो घोड्याचा डाव माझा राहिला नाही. तो खरा होता की दिलेला, हे सांगणारे आता कोणी नाही. मुद्दाम सोडलेले डाव तर गेलेच, पण त्यांत मिसळलेले, मी खरोखर जिंकलेले डावही गेले. लपवलेली दया पुढच्या दिवसांपुरती थांबत नाही. ती मागे चालत जाते आणि खऱ्यालाही हात लावते.

तर मग दया करूच नये का? आपल्या अंगणात या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी शोधलेले आहे, आणि ते शोधणारे कोणी तत्त्वज्ञ नव्हते. ते उत्तर म्हणजे कच्चे लिंबू. धाकट्या भावाला खेळायला तर घ्यायचे, पण तो पहिल्याच झटक्याला बाद झाला तर रडेल, म्हणून खेळ सुरू होण्यापूर्वी जाहीर करायचे, "हा कच्चं लिंबू!" मग त्याच्यावर राज्य येत नाही, तो बाद होत नाही. ही दयाच आहे. पण ती सर्वांना माहीत आहे, त्यालाही माहीत आहे, आणि डाव मांडण्याआधी ठरलेली आहे. तिच्यात खोटे काही नाही, म्हणून ती उघडी पडण्याची भीतीही नाही. आणि तिच्या पोटात आणखी एक मोठी गोष्ट आहे: कच्च्या लिंबाला ठाऊक असते की आपण कच्चे आहोत, म्हणून एक दिवस तो छाती पुढे काढून म्हणतो, "मी आता कच्चं लिंबू नाही. माझ्यावर राज्य आलं तरी चालेल." ज्याला आपल्यावर दया होते आहे हेच माहीत नाही, त्याला हा दिवस कधी येत नाही.

कायद्यातही दयेला जागा आहे. फाशीची शिक्षा कायम झाली, तरी आपल्या राज्यघटनेच्या ७२ व्या कलमाने राष्ट्रपतीला क्षमेचा अधिकार दिला आहे. पण राष्ट्रपती क्षमा करतो तेव्हा न्यायालयाचा निकाल वेगळाच लागला होता असे कोणी सांगत नाही. निकाल कागदावर तसाच राहतो. क्षमा त्याच्या शेजारी, सहीनिशी, लिहिली जाते. अठराला अठरा म्हणायचे आणि मग "तरी मी हिला मारीत नाही, कारण..." असे म्हणायचे, ही क्षमा. अठराला चार म्हणणे ही क्षमा नव्हे. आश्चर्य असे की खुद्द गायगॅक्सने १९७९ सालच्या सूत्रधारांच्या ग्रंथात याच्याजवळचे काही सांगितले आहे. खेळणाऱ्याने सारे नीट केले आणि केवळ फाशाच्या लहरीने मरण ओढवले, तर सूत्रधाराने मरणाऐवजी बेशुद्धी किंवा एखाद्या अवयवाची हानी असा निर्णय द्यावा. पण घावाची काही किंमत मोजली गेलीच पाहिजे.

उलट, नियम फासे पडल्यावर शोधावा लागला म्हणजे काय होते, हे महाभारताने दाखवून ठेवले आहे. द्यूतसभेत द्रौपदीने विचारले ते काय होते? नियमाचाच प्रश्न. जो आधी स्वतःला हरला, त्याला मला पणाला लावता येते का? प्रश्न बिनतोड होता. पण तो विचारला गेला तो डाव संपल्यावर, जिंकणारा समोर मांडी ठोकून बसलेला असताना. भीष्मासारखा माणूस धर्माची गती सूक्ष्म आहे म्हणून थांबला. धाकटा विकर्ण तेवढा स्पष्ट बोलला आणि त्याला गप्प बसवण्यात आले. पण कोणाला पणाला लावता येणार नाही, हे पहिला फासा पडण्यापूर्वी कोणी विचारले असते तर उत्तर द्यायला भीष्म लागला नसता. एखाद्या पोरानेही दिले असते.

माझ्या मुलीला मी एवढेच म्हणालो, की गोष्ट हवी, न्याय नको, असे त्या मेजावरच्या सर्वांना वाटत असेल तर तसा नियम करावा. अशी मेजे आहेतही. तेथे आधीच ठरलेले असते, की कोणाचे पात्र त्याच्या संमतीवाचून मरणार नाही. किंवा सूत्रधार पडद्याआड गोष्टीच्या सोयीने आकडा सांगेल, आणि त्याला कोणी विचारणार नाही. त्यात खोटे काय? जादूगाराच्या प्रयोगाला गेलेला माणूस फसवला जात नाही. तो तिकीट काढून आलेला असतो. प्रश्न कडक नियम की सैल नियम हा नाही. तो ज्यांच्यावर चालायचा, त्यांना तो ठाऊक होता का, आणि त्यांनी तो मानला होता का, हा आहे.

पुढच्या शुक्रवारी नातवाने खेळ सुरू होण्यापूर्वी पडदा मिटून बाजूला ठेवला आणि दोन नियम मांडले. यापुढे सगळे फासे मेजाच्या मध्यावर, सर्वांसमोर. आणि प्रत्येकाने आपले पात्र मरू शकते की नाही हे आजच सांगावे. नाही म्हणणाऱ्याला कोणी हसायचे नाही. मुले कबूल झाली. तेवढ्यात ती लहानगी म्हणाली, "मागच्या वेळी तो चुकलाच होता ना?"

खोलीत कोणी बोलेना. मी वर्तमानपत्राच्या आड होतो, पण वाचीत नव्हतो. नातवाचा चेहरा लाल झाला. मग तो म्हणाला, "नाही. अठरा पडले होते."

ती रागावली. त्या संध्याकाळी तिने लोहारणीला फारसे बोलू दिले नाही, आणि मला वाटले की आता ही यायची नाही. पण दोन आठवड्यांनी तिने खेळापूर्वी सांगितले, की माझी लोहारीण वाचली हे मी ठेवते. पण घाव बसला होता, म्हणून तिचा डावा हात निकामी. ढाल ती पुन्हा उचलणार नाही. आणि हो, ती मरू शकते. पुठ्ठ्यावर तिच्या नावापुढे तिने स्वतःच तसे लिहिले. गायगॅक्सचा ग्रंथ तिने वाचला नव्हता. १९७९ साली तिची आईसुद्धा जन्मली नसेल.

खेळातल्या एका फाशावर इतका खल कशाला, असे कोणी म्हणेल. मला तो करावासा वाटला याला कारण माझे वय. मी अठ्याहत्तर वर्षांचा आहे, आणि गेली दोनतीन वर्षे माझ्याभोवती हळूहळू एक पडदा उभा राहतो आहे. माझ्याशी बोलताना मुले आधी एकमेकांकडे पाहतात. माझ्या रक्ततपासणीचा कागद मला "सगळं छान आहे" या तीन शब्दांत वाचून दाखवला जातो. साताऱ्यात माझ्या धाकट्या भावाचे हृदयाचे ऑपरेशन झाले, ते मला दहा दिवसांनी, तो घरी परतल्यावर कळले. "तुम्हांला उगाच काळजी," मुलगी म्हणाली. तिच्या मायेविषयी मला शंका नाही. अण्णांच्या मायेविषयीही नव्हती. पण तेव्हापासून भाऊ फोनवर "मी ठीक आहे" म्हणतो, तेव्हा मी त्याचे शब्द ऐकत नाही, आवाज ऐकतो. खरेच ठीक असलेला दिवसही माझ्या वाट्याला पुरता येत नाही.

म्हातारपणी काही सवलती लागतात, हे मी मानतो. जिना मला झेपत नाही. कठड्याला धरून चालतो, आणि तसे सर्वांसमोर चालतो. मला कच्चे लिंबू म्हणा, माझी हरकत नाही. फक्त ते मला सांगून म्हणा, आणि कोणत्या डावात कच्चे आणि कोणत्या डावात पक्के, हे ठरवताना मलाही मेजाशी बसवा.

म्हणून लोहारणीच्या हाताचा निकाल लागला त्याच आठवड्यात मी मुलीला म्हणालो, "आपणही एक घरचा नियम करू. वाईट बातमी आली तर मला त्याच दिवशी सांगायची."

"आणि रात्री आली तर?"

"रात्री आली तर सकाळी. चहाच्या आधी."

"चहाच्या नंतर," ती म्हणाली. "उपाशीपोटी नाही सांगणार मी."

मी वकील आहे. तडजोड केव्हा घ्यावी हे मला कळते. चहाच्या नंतर, असे ठरले.